रुग्णासमोर मन उघडणारा वैद्य : शांडोर फेरेन्त्सी

मानसोपचारात रुग्णाने सारे बोलावे आणि वैद्याने ऐकावे, असा संकेत आहे. पण वैद्याने स्वतःच्या मनातले किती सांगावे? या प्रश्नापायी ज्यांनी आपली प्रतिष्ठा पणास लावली, ते शांडोर फेरेन्त्सी.

७ जुलै १८७३ रोजी हंगेरीतील मिश्कोल्त्स येथे एका ग्रंथविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. व्हिएन्नास वैद्यकी शिकून त्यांनी बुडापेस्टमध्ये व्यवसाय मांडला. १९०८ साली फ्रॉइडची भेट झाली आणि लवकरच ते फ्रॉइडचे अत्यंत निकटचे सहकारी बनले.

विश्लेषकाने आरशासारखे असावे, स्वतःचे काही दाखवू नये, असे फ्रॉइडचे मत होते. फेरेन्त्सींकडे मात्र इतरांनी असाध्य मानलेले रुग्ण येत. एलिझाबेथ सेव्हर्न ही अमेरिकन स्त्री त्यांपैकीच एक. डॉक्टरांच्या मनात आपल्याविषयी छुपी नावड आहे व तीच उपचाराच्या आड येते, असे तिला वाटू लागले. आपणच त्यांचे विश्लेषण करणार, असा तिने हट्ट धरला. बरेच आढेवेढे घेऊन फेरेन्त्सी कबूल झाले. १९३२ च्या खासगी दैनंदिनीत त्यांनी या प्रयोगाचा प्रांजळ हिशेब मांडला आहे. नावड कबूल केल्यावर सेव्हर्न शांत झाली, कारण तिला जाणवले होते ते खोटे नव्हते. पण मनातले सारेच सांगायचे, तर इतर रुग्णांची गुपितेही तिच्यापुढे उघडी पडणार! मोकळेपणाची ही मर्यादा त्यांनी स्वतःच ओळखली.

त्याच वर्षी वीस्बाडेनच्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला. मुलावर मोठ्यांकडून अत्याचार होतो आणि वर तो नाकारला जातो. विश्लेषकाचा दांभिकपणा तीच जखम पुन्हा करतो, असा त्याचा आशय होता. फ्रॉइडला तो रुचला नाही. २२ मे १९३३ रोजी घातक पांडुरोगाने फेरेन्त्सींचे निधन झाले. पुढे अर्नेस्ट जोन्स यांनी फ्रॉइडच्या चरित्रात त्यांना अखेरीस मनोरुग्ण ठरविले. दैनंदिनी प्रथम छापली गेली ती फ्रेंचमध्ये, १९८५ साली.

त्यांच्या शिष्या व्हिल्मा कोव्हाच यांनी नवशिक्या विश्लेषकासाठी एक वाट सुचविली होती. पहिल्या रुग्णाविषयी त्याच्या मनात जे उठते, ते त्याने स्वतःच्या विश्लेषकापुढे मांडावे. म्हणजे वैद्यानेही बोलायचेच, पण त्याचे ओझे रुग्णावर टाकायचे नाही. फेरेन्त्सींचा प्रयोग फसला असेल. पण वैद्यालाही मन असते, हे तो लपवू देत नाही.