वॉर्ड क्रमांक ३ मधली शुश्रूषा

प्लास्टिक सर्जरी काही तासांत आटोपते. त्यानंतरचे दिवस, आठवडे, कधी कधी महिने रुग्णाला वॉर्डात काढावे लागतात आणि केलेले काम टिकणार की नाही, हे बरेचसे तिथेच ठरते. सर आर्चिबाल्ड मॅकइंडो या सर्जनने हे नेमके ओळखले होते.

मॅकइंडो यांचा जन्म १९०० साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात झाला. तिथेच ते डॉक्टर झाले, पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये शिकले आणि १९३० मध्ये लंडनला आले. तिथे नात्यातलेच हॅरॉल्ड गिलिज त्यांच्या मदतीला आले. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना नवे चेहरे देणाऱ्या गिलिज यांच्याकडून त्यांनी प्लास्टिक सर्जरीची विद्या घेतली. १९३९ मध्ये त्यांची नेमणूक ससेक्समधल्या ईस्ट ग्रिन्स्टेड गावच्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात झाली.

१९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढाई पेटली. लढाऊ विमानाची टाकी पेटली की ज्वाळा वैमानिकाच्या तोंडावर आणि हातांवर येत. विशीतल्या पोरांच्या पापण्या, नाक, ओठ, बोटे जळून जात. त्या काळी भाजलेल्या जागी टॅनिक ॲसिड लावत. त्याने कातडीवर कडक खपली धरे, खाली पू साचे आणि बोटे आखडून जात. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा मात्र अधिक चांगल्या भरतात, हे मॅकइंडोंच्या ध्यानात आले. त्यांनी टॅनिक ॲसिड बंद केले आणि कोमट मिठाच्या पाण्याचे स्नान सुरू केले. पाण्यातल्या मिठाचे प्रमाण बेताचे असल्याने जखम झोंबत नसे, चिकटलेली पट्टी न ओढता सुटे आणि पाण्यातच बोटे हलवता येत. पाण्याचे तापमान, स्वच्छता, नंतरची पट्टी हे सारे परिचारिकांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळले.

नवे नाक घडवायचे तर पोटाची किंवा खांद्याची कातडी नळीसारखी वळवून टप्प्याटप्प्याने चेहऱ्यापर्यंत आणावी लागे. कित्येकदा हात आठवडेच्या आठवडे चेहऱ्याशी बांधलेला असे. अशा रुग्णाला घास भरवायचा, कूस बदलायची आणि त्या नळीवर नजर ठेवायची. ती फिकी पडली तर रक्त पोचत नाही, निळसर झाली तर रक्त परतत नाही. हा बदल वेळीच दिसला नाही, तर महिन्यांची मेहनत वाया जाई.

मॅकइंडोंनी मनाच्या जखमांकडेही तितकेच लक्ष दिले. वॉर्ड क्रमांक ३ मध्ये शिस्तीचा काच नव्हता. अधिकारी आणि साधे सैनिक शेजारी शेजारी झोपत, कोपऱ्यात बिअरचे पिंप असे. रुग्णांना इस्पितळी निळ्या कपड्यांऐवजी आपला गणवेश घालायची मुभा होती. विद्रूप चेहऱ्याकडे पाहताना नर्सच्या डोळ्यांत दचकणे दिसता कामा नये, हाही तिथे शुश्रूषेचाच भाग होता. मॅकइंडोंनी गावकऱ्यांनाही विश्वासात घेतले. गावकरी या तरुणांना घरी जेवायला बोलवत, रस्त्यात त्यांच्याकडे टक लावून पाहत नसत.

१९४१ मध्ये रुग्णांनी 'गिनीपिग क्लब' काढला. आपल्यावर नवनवे प्रयोग होतात, म्हणून हे नाव. पाय भाजलेल्याला खजिनदार केले, म्हणजे तो पैसे घेऊन पळणार नाही. बोटे भाजलेल्याला चिटणीस केले, म्हणजे तो फार लिहिणार नाही! युद्ध संपेपर्यंत क्लबचे ६४९ सभासद झाले. अनेकांनी नोकऱ्या धरल्या, संसार थाटले. काही जण पुन्हा विमानात बसले.

१९४७ मध्ये मॅकइंडोंना 'सर' हा किताब मिळाला. १९६० मध्ये, साठी गाठण्याआधीच, झोपेत त्यांचे निधन झाले. ईस्ट ग्रिन्स्टेडमध्ये २०१४ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यात हात भाजलेला वैमानिक बसलेला आहे आणि मागे उभ्या मॅकइंडोंचे हात त्याच्या खांद्यांवर आहेत. ज्याच्या वडिलांवर मॅकइंडोंनी उपचार केले होते, अशा शिल्पकाराने तो घडवला.

आज सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणारे सर्जनचे नाव बारकाईने चौकशी करून निवडतात. ऑपरेशननंतरच्या रात्री त्वचेचा रंग कोण पाहणार, पट्टी कोण बदलणार आणि आरशासमोर धीर खचला तर जवळ कोण असणार, हेही तितक्याच बारकाईने विचारायला हवे.