खुब्याने अडवले, मोटारीने उचलले

ऑकलंडच्या गॅरेजवाल्याचा मुलगा ब्रूस मॅक्लारेन. जन्म १९३७चा. नवव्या वर्षी खुब्याचा आजार जडला; दोन वर्षे अंथरुणात गेली, डावा पाय कायमचा आखूड राहिला. मैदान सुटले. पुढे वडिलांनी १९२९ सालची जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर ही रेसची गाडी घेतली. बापलेकांनी ती खपून दुरुस्त केली. १९५२ मध्ये तीच घेऊन ब्रूस मुरिवाईच्या चढाच्या शर्यतीत उतरला. १९५९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, अमेरिकन ग्रां प्री त्याने जिंकली. १९६३ मध्ये स्वतःचा संघ काढला. २ जून १९७० रोजी इंग्लंडात गुडवुडला नवी गाडी पारखताना अपघातात तो गेला. वय अवघे बत्तीस. पाय आखूडच राहिला; पण जुने, थकलेले ते निकामी नसते, हे त्या मुलाला घरच्या गॅरेजनेच शिकवले असावे.