प्लेगची लस शोधणारे डॉ. हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. काखेत वा जांघेत गाठ यावी, तीव्र ताप चढावा आणि थोड्याच दिवसांत धडधाकट माणूस दगावावा, असा हा भयंकर रोग होता. भयभीत लोक घरेदारे टाकून गावोगाव निघून गेले. त्यांच्यामागोमाग रोगही पसरला. पुण्यात रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने मृत्यू आला. साथीच्या प्रारंभीच सरकारने एका शास्त्रज्ञास कलकत्त्याहून मुंबईस पाचारण केले होते. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. प्राणिशास्त्रात ते निष्णात होते. परंतु आपला धर्म सोडण्यास ते तयार नव्हते. म्हणून विद्यापीठातील अध्यापकाचे पद त्यांना मिळू शकले नाही. अखेर मायदेश सोडून ते पॅरिसला गेले. तेथील पाश्चर संस्थेत त्यांनी प्रथम ग्रंथालयातील काम पत्करले आणि उरलेल्या वेळात संशोधन चालविले. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली व ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षी ते भारतात आले आणि बंगालमध्ये त्यांनी हजारो लोकांना ती लस दिली.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी कार्यास आरंभ केला. साहित्य तोकडे होते, मदतनीस मोजके होते. पण चिकाटी अपार होती. मांसाच्या रसात ते प्लेगचे जंतू वाढवीत. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले, की त्यांना लोंबकळत जंतूंची भरघोस वाढ होई. नंतर उष्णता देऊन ते जंतू मारीत. मृत जंतूंमुळे प्लेग होत नाही. परंतु त्यांची ओळख पटून शरीर जिवंत जंतूंशी लढण्यास सज्ज होते. लसीचे हेच मर्म आहे.

प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. आता माणसावर प्रयोग करावयाचा होता. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लसीची मोठी मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यांना ताप भरला, वेदनाही झाल्या. परंतु काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे बंदी स्वखुशीने पुढे आले, त्यांना ती टोचण्यात आली. लस घेतलेले व न घेतलेले यांची तुलना केली असता, लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. पुढे लक्षावधी लोकांनी ही लस घेतली. १८९९ साली परळ येथील जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा स्थापन झाली.

परंतु याच यशाच्या काळात त्यांच्यावर मोठे संकट ओढवले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी अनेकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मुंबईच्या प्रयोगशाळेतच लस दूषित झाली, असा ठपका ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने सहस्रावधींचे प्राण वाचविले, त्याच्यावरच प्राणहानीचा आरोप आला!

हाफकिन खचले नाहीत. त्यांनी वर्षानुवर्षे पुरावा मांडला. बाटली मुंबईतच दूषित झाली असती, तर उघडताना तिला दुर्गंधी आली असती; तशी ती आली नव्हती. गावात ती उघडताना मात्र चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली. अखेर १९०७ साली ते निर्दोष ठरले. मात्र मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

परळच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीच त्यांचे नाव देण्यात आले होते. तीच आजची हाफकिन संस्था होय. या संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांनी पेनिसिलिनसारखी औषधे देशातच व्हावीत म्हणून खटपट केली. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

आज शास्त्रज्ञ जंतूंच्या जनुकांची रचना वाचून लस घडवितात. तिची परीक्षा आधी प्राण्यांवर, मग स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर, ठरलेल्या नियमांनुसार पायरीपायरीने होते. साधने बदलली, परंतु दुसऱ्यास औषध देण्यापूर्वी त्याची कसून परीक्षा करावी आणि दोषारोप झाला तरी पुराव्याच्या बळावर सत्याची कास धरावी, हा हाफकिन यांच्या जीवनाचा धडा आजही तितकाच मोलाचा आहे.