आंब्यावर बांडगूळ लावतं कोण? सालिम अलींनी कोकणात शोधलेलं उत्तर

पेण, रोह्याकडं गेलात की आंब्याच्या जुन्या झाडांकडं जरा मान वर करून बघा. मध्येच वेगळ्या पानांचा झुबका दिसेल. ते बांडगूळ. ज्याच्या अंगावर वाढतं त्याचाच रस शोषतं, म्हणून माणसालाही आपण हा शब्द शिवीसारखा वापरतो. पण ते तिथं पोहोचतं कसं?

कोकणातल्या या कोड्यावर १९३१ मध्ये एक शोधनिबंध आला. लेखक होते सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. १९२९ मध्ये ते पक्षीशास्त्र शिकायला जर्मनीला गेले. परत येतात तर काय, पैसे नाहीत म्हणून मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झालेली! मग पत्नी तेहमिना यांच्यासोबत त्यांनी अलिबागजवळचं किहीम गाठलं. तिथं सुगरणीची घरटी तासन् तास बघितली. नर अर्धवट घरटं बांधतो, मादीनं पसंत केलं तरच पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा गडी दुसऱ्या घरट्याच्या मागं, हे त्यांनी बारकाईनं टिपलं.

बांडगुळाचा मामला याहून भारी आहे. त्याची फुलं लांब नळीसारखी, मध तळाशी. शिंजीर बाकदार चोच आत घालतो, परागकण डोक्याला लागतात आणि पुढच्या फुलात पोहोचतात. फळ धरलं की फुलटोच्याची पाळी. अंगठ्याएवढा पक्षी, फळ गिळतो, पण बी चिकट, विष्ठेतून सहज सुटत नाही. मग तो फांदीवर अंग घासतो आणि बी तिथंच चिकटतं. म्हणजे एक पक्षी फळ धरायला मदत करतो, दुसरा लागवड करतो. बागायतदाराच्या डोक्याला ताप, पण शिंजीर किडेही खातो, त्यामुळं त्याला सरळ शत्रू म्हणता येत नाही.

१९३२ मध्ये त्यांनी भारतभरातली फुलं आणि त्यांच्याकडं येणारे पक्षी यांवर मोठा निबंध लिहिला. पांगारा, सावर फुलल्यावर झाडावर पक्ष्यांची जी झुंबड उडते, ती झाडाच्याही कामाची असते.

उतारवयात केरळच्या सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज उठवला. दुर्मीळ वनस्पतींचं हे जंगल वाचलं, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २० जून १९८७ रोजी सालिम अली मुंबईत गेले.