थॉर्नडाइकची तेरा मांजरे

आपल्या मांजराला सारे काही कळते, असे मांजर पाळणाऱ्या घरांतून छातीठोकपणे सांगितले जाते. ते दाराची कडी स्वतः काढते, कपाटातला मासळीचा डबा नेमका ओळखते, घरात कोण रागावले आहे हे त्याला बरोबर समजते. या हकिगती बहुधा खऱ्याच असतात. मात्र त्यांतून मांजराच्या मनाविषयी काढलेला निष्कर्ष खरा असतोच असे नाही. हा फरक प्रयोगाने दाखवून देणारे एडवर्ड ली थॉर्नडाइक यांना मांजरांचा मुळीच लळा नव्हता, ही या कथेतली गंमत आहे. महाराष्ट्रात डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या शिक्षकांना त्यांचे नाव चांगलेच परिचित असते. प्रयत्न-प्रमाद पद्धती, सरावाचा नियम, परिणामाचा नियम ही परीक्षेत हमखास येणारी प्रकरणे त्यांचीच. पाठ्यपुस्तकात मात्र पिंजऱ्यातले एकच मांजर असते. प्रत्यक्षात ती तेरा होती.

थॉर्नडाइक यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्सबर्ग या लहानशा गावी झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांची नेमणूक सतत बदलत असल्याने कुटुंबाचे बिऱ्हाड एका गावातून दुसऱ्या गावात हलत राही. घरात शिस्त कडक आणि अभ्यासाचे वेड मोठे. थोरले बंधू अ‍ॅशली पुढे शेक्सपिअरचे अभ्यासक झाले, धाकटे लिन मध्ययुगीन विज्ञान आणि जादूटोण्याच्या इतिहासाचे. तिघेही भाऊ पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

वेस्लियन विद्यापीठातून १८९५ मध्ये पदवी घेतल्यावर एडवर्ड हार्वर्डला गेले ते विल्यम जेम्स यांच्या मानसशास्त्रावरील ग्रंथाने भारावून. त्यांना खरे तर लहान मुलांवर प्रयोग करायचे होते. समोरच्याच्या चेहऱ्यावरील नकळत होणाऱ्या हालचालींवरून मुले त्याच्या मनातले ओळखतात का, हा त्यांचा विषय होता. त्याला परवानगी मिळाली नाही. तेव्हा त्यांनी कोंबडीची पिल्ले घेतली आणि उभ्या पुस्तकांच्या भिंती रचून त्यांच्यासाठी चक्रव्यूह तयार केले. भाड्याच्या खोलीत पिल्ले पाळायला घरमालकिणीने हरकत घेतली, विद्यापीठात जागा मिळेना. अखेर जेम्स यांनी आपल्या घराचे तळघर देऊ केले. पिल्लांच्या आगमनाने जेम्स यांची मुले भलतीच खूश झाली म्हणतात.

मुलांऐवजी पिल्ले आणि पिल्लांनंतर मांजरे, असा हा प्रवास निव्वळ सोयीने झाला. आपण प्राण्यांकडे वळलो ते मुख्यतः पदवीची गरज भागवण्यासाठी, दुसरा एखादा विषयही चालला असता, असे त्यांनी उतारवयात लिहिलेल्या आत्मकथनपर लेखात मोकळेपणाने कबूल केले आहे. १८९७ मध्ये कोलंबियाची शिष्यवृत्ती मिळताच ते शिकवून तयार केलेल्या दोन कोंबड्या टोपलीत घालून न्यूयॉर्कला दाखल झाले. तेथे जेम्स कॅटेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विद्यापीठाच्या इमारतीतील पोटमाळ्यावर आपले प्राणी आणि पेट्या मांडल्या.

त्या काळी प्राण्यांच्या बुद्धीविषयी जे काही लिहिले जाई, ते बहुतांशी हकिगतींवर उभे होते. डार्विन यांचे तरुण स्नेही जॉर्ज रोमेन्स यांचा १८८२ चा ग्रंथ त्यातला सर्वांत मान्यवर. रोमेन्स यांच्या गाडीवानाचे मांजर अंगणाच्या दाराशी उडी मारी, एका पंजाने खटक्याजवळची पट्टी धरी, दुसऱ्याने खटका दाबी आणि मागच्या पायांनी चौकटीला रेटा देऊन दार उघडी. हे त्यांनी स्वतः पाहिले होते आणि त्यावरून मांजराला दाराच्या यंत्रणेची निश्चित कल्पना असते, असा निष्कर्षही काढला होता. थॉर्नडाइक यांचा आक्षेप साधा, पण जिव्हारी लागणारा होता. हजारो मांजरे हजारो वेळा बंद दारापुढे नुसती ओरडत बसतात, त्याबद्दल कुणी कुणाला पत्र लिहीत नाही. एखाद्याच मांजराचा पंजा खटक्यावर पडतो, आणि तेच साऱ्या मार्जारजातीचे प्रतिनिधी म्हणून पुस्तकात जाऊन बसते. शिवाय ते दार पहिल्यांदा कसे उघडले गेले, हे पाहायला तेथे कुणीच हजर नसते.

म्हणून त्यांनी पहिल्या क्षणापासून पाहायचे ठरवले. लाकडाच्या फळ्यापट्ट्या ठोकून त्यांनी पंधरा पेट्या बनवल्या. सुतारकामात त्यांचा हात काही सराईत नव्हता. जपून ठेवलेल्या छायाचित्रांत या पेट्या अगदीच ओबडधोबड दिसतात. साधारण २० इंच लांब, १५ इंच रुंद आणि १२ इंच उंच. आतल्या बाजूस कुठे दोरीचा फास लोंबत असे, कुठे दाबायची दांडी, कुठे पाय ठेवायची फळी. ती ओढली किंवा दाबली की दार उघडे. भुकेले मांजर आत आणि बाहेर मासळीचा तुकडा. हातात घड्याळ घेऊन थॉर्नडाइक शेजारी बसत.

मांजरे काय करीत? फटीतून अंग घालू पाहत, फळ्या चावत, हाताला लागेल ते ओरबाडत. बाहेरच्या मासळीकडे त्यांचे फारसे लक्षही नसे. कोंडलेपणातून सुटणे हीच धडपड असे. तेरांपैकी दोन मांजरे तेवढी शांत होती. या झटापटीत कधीतरी पंजा फासात अडके आणि दार उघडे. मांजर पुन्हा आत, पुन्हा तेच. एका साध्या पेटीतून बारा क्रमांकाच्या मांजराला पहिल्या खेपेस सुटायला १६० सेकंद लागले. दुसऱ्या खेपेस ३०, पण तिसऱ्या खेपेस पुन्हा ९० आणि चौथ्या खेपेस ६०. चोविसाव्या खेपेस ते सात सेकंदांत बाहेर होते.

या आकड्यांचा जो आलेख निघाला, त्यात त्यांच्या साऱ्या प्रबंधाचा प्राण होता. मांजराला फास आणि दार यांचा संबंध एकदा उमगला असता, तर वेळ एकदम खाली यायला हवा होता आणि तिथेच राहायला हवा होता. तसे झाले नाही. रेषा चढत-उतरत, अडखळत, हळूहळू खाली आली. निरुपयोगी हालचाली एकेक करून गळत गेल्या आणि सुटका करून देणारी हालचाल पक्की होत गेली. ज्या कृतीमागून समाधान येते ती त्या परिस्थितीशी जोडली जाते, अशा आशयाचा परिणामाचा नियम त्यांनी पुढे यातूनच मांडला.

एका पेटीत तर कळ नव्हतीच. मांजराने स्वतःचे अंग चाटले की थॉर्नडाइक स्वतः दार उघडत. मांजर हेही शिकले. मात्र खेपेगणिक ते चाटणे आखडत गेले. शेवटी जीभ अंगाला लागली न लागली अशी नुसती खूण उरली. चाटण्याने दार का उघडावे याला अर्थ नव्हता आणि मांजर अर्थ शोधतही नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसऱ्या मांजराला सुटताना पाहून मांजर शिकते का, त्याचा पंजा हातात धरून फास ओढवला तर शिकते का, हेही त्यांनी तपासले. दोन्हींचे उत्तर त्यांना नकारार्थी मिळाले.

हा प्रबंध १८९८ मध्ये, त्यांच्या वयाच्या चोविसाव्या वर्षी प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील वेस्ली मिल्स यांनी त्यावर सडकून टीका केली. जिवंत माणसाला शवपेटीत घालून जमिनीखाली उतरवावे आणि त्याच्या आकांतावरून मानवी स्वभावाचे नियम काढावेत, तसाच हा प्रकार असल्याचे त्यांचे म्हणणे होते. पेट्यांची सवय झालेली मांजरे भेदरलेली नव्हती, असा प्रतिवाद थॉर्नडाइक यांनी केला. पुढे वोल्फगांग क्योलर यांनी आणखी एक दुखरी जागा दाखवली. कळीची यंत्रणाच मांजराच्या दृष्टीआड असेल, तर ते विचार करणार कशाचा? हा आक्षेप मिल्स यांच्यापेक्षाही वजनदार म्हणावा लागेल. प्रयत्न-प्रमादाखेरीज दुसरा मार्गच नसलेल्या पेटीत प्रयत्न-प्रमादच दिसणार.

मांजरांचा अध्याय थॉर्नडाइक यांच्यापुरता येथे जवळजवळ संपला. क्लीव्हलंडला वर्षभर शिकवल्यावर १८९९ मध्ये ते कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात आले. तेथील अधिष्ठात्यांनी त्यांचा वर्ग पाहिला तेव्हा ते उंदीर-माकडांविषयी शिकवीत होते. हीच पद्धत माणसांवर वापरून पाहायला हरकत नाही, असे ठरवून त्यांना घेतले गेले. १९०० मध्ये एलिझाबेथ मोल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढची चार दशके त्यांनी अक्षरशः मोजण्यात घालवली. मुलांची गणिते, हस्ताक्षरे, बुद्धिचाचण्या, वाचनात येणारे शब्द. जे अस्तित्वात आहे ते मोजता येते, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. १९१२ मध्ये ते अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. पाव्हलॉव्ह यांनीही या वाटेवर पहिले पाऊल टाकण्याचा मान त्यांना दिला. १९३० च्या सुमारास माणसांवरील प्रयोगांनंतर त्यांनी स्वतःचाच नियम दुरुस्त केला. बक्षिसाने सवय जडते, पण शिक्षेने ती त्याच प्रमाणात सुटत नाही, असे त्यांना आढळले. मांजराला वर्तमानपत्राची सुरळी दाखवणाऱ्यांनी हा भाग वाचण्याजोगा आहे.

मोजण्याच्या याच ध्यासाची एक काळी बाजूही होती. माणसांची प्रतवारी जन्मजात असते, असे मानणाऱ्या सुप्रजननवादी विचारांचे ते पुरस्कर्ते होते. ९ ऑगस्ट १९४९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मॉन्ट्रोज येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर ७१ वर्षांनी, २०२० मध्ये टीचर्स कॉलेजने याच कारणास्तव आपल्या इमारतीवरील त्यांचे नाव काढून टाकले.

मांजरांविषयीचे त्यांचे निष्कर्ष मात्र तुकड्या-तुकड्यांनी तपासले गेले. पहाटे चार वाजता मालकाच्या तोंडावर पंजा मारणाऱ्या मांजराचे वागणे आजही त्यांच्याच नियमाने उलगडते. एकदा पंजा मारला, मालक उठला, वाटीत खाणे पडले. जोड पक्की झाली. मालक रोज उठला नाही तरी ती सहजासहजी सुटत नाही. अनुकरणाच्या बाबतीत मात्र ते चुकले होते. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दांडी दाबून खाणे मिळवणाऱ्या आईला पाहून पिल्ले चटकन शिकली. परक्या मांजरीकडे पाहणाऱ्यांना अधिक वेळ लागला आणि जी पिल्ले एकटीच धडपडत होती त्यांना ते जमलेच नाही. कुणाकडून शिकायचे, हा प्रश्न पोटमाळ्यावरच्या पेट्यांनी विचारलाच नव्हता. मांजरे स्वतःचे नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखतात, हे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले.

सर्वांत मासलेवाईक दुरुस्ती झाली ती दुसऱ्याच दोघांच्या प्रयोगाची. एडविन गथ्री आणि जॉर्ज हॉर्टन यांनी १९४६ मध्ये काचेच्या दर्शनी भागाची पेटी वापरून थॉर्नडाइक यांचाच प्रयोग नव्याने केला. आत एक उभा दांडा होता. त्याला धक्का लागला की दार उघडे. मांजरे खेपेगणिक त्याच ठरावीक ढंगाने दांड्याला अंग आणि शेपटी घासत असल्याचे त्यांनी टिपले आणि शिकलेली हालचाल किती यांत्रिक असते याचा हा पुरावा मानला. तेहतीस वर्षांनी, १९७९ मध्ये ब्रूस मूर आणि सुझन स्टटर्ड यांनी तसाच दांडा ठेवला, पण बक्षीस काढून टाकले. समोर माणूस बसलेला असला की मांजरे दांड्याला अंग घासत. माणूस दिसेनासा झाला की घासत नसत. अंग घासणे हे मांजराचे अभिवादन होते. समोर दिसणाऱ्या संशोधकाला ती भेटत होती आणि संशोधक त्या भेटीची शिकण्याच्या खात्यात नोंद करीत होते.