डॉक्टर बॉब : पंधरा मिनिटांची भेट

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दारूचा विषय आपल्या घरांतून दबक्या आवाजातच निघतो. म्हणून या वेळी आपण एका डॉक्टरांचं चरित्र वाचूया, जे स्वतःच या आजारात गळ्यापर्यंत बुडाले होते.

डॉ. रॉबर्ट स्मिथ, सगळे त्यांना डॉ. बॉब म्हणत. जन्म ८ ऑगस्ट १८७९, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. वडील न्यायाधीश, घर देवधर्माचं. कॉलेजात दारू लागली ती सुटलीच नाही. तरी शिकले, ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी सर्जन झाले. १९१५ साली ॲन यांच्याशी लग्न झालं. पुढे देशभर दारूबंदी आली, तेव्हा आता आपोआप सुटेल असं त्यांना वाटलं. पण डॉक्टरांना औषध म्हणून दारू मिळायची, आणि चोरून विकणारेही होतेच.

बाटल्या कुठे लपवायचे? कोळशाच्या ढिगात, तळघराच्या तुळयांवर, मोज्यांत. (आपल्याकडे तांदळाचा डबा आणि स्कूटरची डिकी. जागा तेवढ्या बदलतात.) सकाळी हात थरथरू नयेत म्हणून गुंगीच्या गोळ्या, रात्री पुन्हा दारू. अशी वर्षांमागून वर्षं गेली. मित्र तुटले, कर्ज वाढलं.

यानंतरचा भाग आपण भक्तमंडळींनी नीट वाचावा. डॉ. बॉब एका प्रार्थना मंडळात जाऊ लागले. अडीच वर्षं गेले. धर्मग्रंथ वाचले, प्रार्थना केली, आणि तरीही पीत राहिले. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्याला तुझी भक्तीच कमी पडते असं आपण सहज बोलून जातो. आमच्या मते हे बोलणं त्याला आणखी एकटं पाडतं.

१२ मे १९३५. बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे गृहस्थ कामासाठी ॲक्रनला आले होते. त्यांना दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फसलं, खिसा रिकामा, हॉटेलातल्या बारमधून हसण्याचे आवाज येताहेत. ते बारमध्ये न जाता फोनपाशी गेले आणि चर्चमध्ये फोन लावून गावात कुणी दारूत अडकलेला माणूस आहे का, याची चौकशी केली. त्यातून डॉ. बॉब यांची गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तासांहून जास्त बसले. बिल यांनी उपदेश केलाच नाही. स्वतःची कथा सांगितली, आणि हे बोलणं स्वतः वाचण्यासाठीच करतोय हेही कबूल केलं. डॉक्टरांना आजवर सगळ्यांनी समजावलं होतं. आपली गरज असलेला माणूस पहिल्यांदाच भेटला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. काही आठवड्यांतच ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परतले. ॲन आणि बिल यांनी दिवसरात्र सांभाळलं, कारण पुढे शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून बिल यांनीच त्यांना एक बिअर दिली. ती शेवटची. शस्त्रक्रिया झाली तरी डॉक्टर तासन्‌तास घरी आले नाहीत. घरच्यांचा जीव टांगणीला! ते देणेकऱ्यांच्या आणि दुखावलेल्या माणसांच्या दारी जाऊन माफी मागत फिरत होते. १० जून १९३५ हाच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा, म्हणजे ए.ए.चा स्थापना दिवस मानतात.

पिण्याची ओढ त्यानंतरही जवळजवळ अडीच वर्षं टिकली. पण ते रोज कुणातरी रुग्णाजवळ जाऊन बसत. त्या काळी दारुड्याला इस्पितळं दाखल करून घेत नसत. १९३९ मध्ये सेंट थॉमस इस्पितळातल्या सिस्टर इग्नेशिया यांनी डॉक्टरांचा एक रुग्ण पोटाचा विकार अशी नोंद करून आत घेतला, आणि फुलं लावायच्या खोलीत ठेवला! पुढे तिथे वॉर्डच झाला. पाचेक दिवस उपचार, आणि भेटायला यायचं ते दारू सोडलेल्यांनी. सुमारे पाच हजार जणांना डॉक्टरांनी असं पाहिलं, स्वतःची फी न घेता. ॲन घरी त्यांच्या बायकांना धीर देत.

ॲन १९४९ मध्ये गेल्या, डॉक्टर १६ नोव्हेंबर १९५० रोजी. पंधरा वर्षं दारूचा थेंब नाही. त्यांच्या थडग्यावर ए.ए.चा उल्लेखही नाही.

ए.ए.च्या सभा आज गोवा, मुंबई, पुणे, इंदूर, हैदराबाद इथेही भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट आहे. एक मात्र लक्षात असू द्या : रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आता यावर औषधं आहेत, म्हणून आधी डॉक्टरांकडे न्यावं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥