पेशंटचं ऑपरेशन न करता उपचारांची दिशा दाखवणारे डॉक्टर खानोलकर

महाडजवळच्या वीर स्टेशनवरून गाडी पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेल्या पेशंटच्या फाइलमध्ये एक कागद जपून ठेवलेला असतो. बायोप्सीचा रिपोर्ट. पुढचे उपचार बरेचसे त्यावरच ठरतात.

भारतात या कामाचा पाया घालणाऱ्यांत पहिलं नाव येतं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं.

जन्म १३ एप्रिल १८९५, क्वेट्टा. १९२३ साली लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी. मुंबईत परतल्यावर त्यांनी मेडिकल कॉलेजात शिकवलं. १९४१ ला टाटा हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथली लॅबोरेटरी त्यांच्याकडे आली.

ते फक्त सूक्ष्मदर्शकात बघून थांबले नाहीत. पेशंट काय नेसतो, काय चघळतो, हेही त्यांनी तपासलं. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणारा कॅन्सर आणि तंबाखू-चुन्यामुळे ओठाला होणारा कॅन्सर त्यांनी १९४५ साली जगासमोर मांडला. १९५२ ला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं केलं. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९७८ साली त्यांचं निधन झालं.

त्यांच्या या शास्त्राचा आज काय उपयोग? मूत्राशयाचा कॅन्सरच बघा. बिडी-सिगारेट हे त्याचं मोठं कारण. लघवीतून रक्त आलं की दुर्बिणीने गाठ खरवडून तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तो बघतो, कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरलाय का?

शिरला नसेल तर गाठ खरवडून, गरजेप्रमाणे मूत्राशयात बीसीजीसारखं औषध सोडून भागू शकतं. स्नायूत शिरला असेल तर बहुतेकदा आधी केमोथेरपी आणि मग मूत्राशय काढण्याचं ऑपरेशन. त्यानंतर लघवीसाठी पोटावर पिशवी लावतात किंवा आतड्यापासून नवं मूत्राशय बनवतात. काही निवडक पेशंटमध्ये गाठ पूर्ण खरवडून रेडिएशन आणि केमो एकत्र देतात आणि मूत्राशय वाचवतात.

तुकड्यात स्नायूच आला नसेल, तर अनेकदा पुन्हा खरवडावं लागतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: तुकड्यात स्नायू आलाय का, आणि कॅन्सर त्यात शिरलाय का?

मूत्राशय राहणार की जाणार, हे ठरवताना पहिला प्रश्न हाच असतो. आणि त्याचं उत्तर देतो तो पॅथॉलॉजिस्ट, जो पेशंटला बहुतेक वेळा कधी दिसतही नाही.